एकेचाळिसावं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. शिंप्याच्या दुकानातली, मापांची. शाळेतल्या वह्यांसारखी माझ्यावर कधी कुणी फुलं काढली नाहीत, की मागच्या पानावर मित्राची चेष्टा लिहिली नाही. माझ्यात फक्त माणसं आहेत, आणि तीही इंचांत. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही साडेतेवीस. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. पण कुणाचं पोट कोणत्या वर्षी सुटलं ते मी अचूक सांगेन.

एका वह्या बांधणाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला. जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना तांबडं कापड आणि आत दोनशे आखीव पानं. मास्तरांनी मला विकत घेतलं तेव्हा आधी माझा कागद अंगठ्यानं चोळून पाहिला, जणू कापडच घेत होते. मास्तर म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. कोट शिवण्यात त्या रस्त्यावर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुकान लहानसंच होतं. काचेआड एक बिनडोक्याचा लाकडी पुतळा, मधे कापायचं लांब टेबल, भिंतीशी दोन मशिनं, आणि मागे पडद्याआड माप घ्यायची जागा. खिडकीपाशी खुर्ची टाकून मास्तरांची थोरली बहीण काजं करत बसायची. तिला सगळे आक्का म्हणत, गिऱ्हाईकंसुद्धा.

मास्तर भले गृहस्थ, पण त्यांच्या दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे ते सगळं लिहून ठेवायचे. नुसतं माप नाही. ‘बोलताना हात फार हलवतात, बाहीचा मुंढा सैल ठेवणे.’ ‘रंग बायकोला पसंत नाही, पुन्हा विचारणे.’ असं काय काय माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. दुसरी खोड म्हणजे त्यांना कोरा कागद बघवत नसे. एका गिऱ्हाइकाखाली चार बोटं जागा उरली की तिथे पुढचं कुणीतरी आलंच म्हणून समजा. कधी दुसऱ्या दिवशी, कधी वर्षानं. तारीख मात्र पानाच्या डोक्यावर एकदाच, पहिल्याची. खालच्यांच्या तारखा त्यांच्या डोक्यात असायच्या आणि त्या कधी चुकायच्या नाहीत.

आक्का म्हणायची, “कागद खाऊन पोट भरत असतं ना, तर तू उपाशी मेला असतास.”

“जागा आहे तर वाया का घालवायची?” एवढंच मास्तर म्हणायचे.

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट प्रत्येक पानावर शेजार झाला म्हणून बरंच वाटायचं. कोण कुणाचा शेजारी झाला याचा विचार तेव्हा मी कशाला करते?

माझ्या एकेचाळिसाव्या पानाच्या माथ्यावर एका बड्या असामीचं नाव आहे. लोकांनी ठेवायला दिलेले पैसे पाच वर्षांत तिप्पट करून देतो, असं तो सांगायचा, म्हणून आमच्या दुकानात त्याला तिप्पटवाले म्हणत. त्यानं गडद निळा कोट शिवून घेतला. मास्तरांनी शाईच्या पेनानं तारीख घातली, माप लिहिलं आणि ‘आज स्वतः येऊन माप दिले’ असंही नोंदवलं. त्याच्याखाली काही दिवसांनी एक निवृत्त बसचालक आला. आयुष्यभर गणवेश घातलेला हा माणूस मुलीच्या लग्नासाठी पहिल्यांदा कोट शिवत होता. त्याच्याखाली तळाशी थोडी जागा उरली, आणि ती सोळा महिने तशीच होती.

सोळा महिन्यांनी एका दुपारी दुकानात ती आली. तिला सगळा देश ओळखत होता. रोज संध्याकाळी सात वाजता ती टीव्हीवर बातम्या सांगायची. ‘आजच्या ठळक बातम्या’ हे तिचे शब्द ऐकू आले की मास्तर मशिनवरचा पाय उचलायचे, आणि आक्का सुई धरलेला हात मांडीवर ठेवायची. तिचा आवाज फार गोड होता असं नाही. पण ती जे सांगेल ते खरंच असणार, असं ऐकणाऱ्याला वाटायचं. आक्का तर पावसाचा अंदाज दुसऱ्या कुणी सांगितला तर छत्री घ्यायची नाही.

पडद्याआड गेल्यावर ती हळूच म्हणाली, “मास्तर, माझा डावा खांदा खाली आहे. लहानपणी आजारात पाठीला बाक आला. माझे जुने शिंपी आत गादी भरून द्यायचे. ते गेले. टीव्हीवर आल्यापासून त्यांच्याशिवाय हे कुणाला कळलं नव्हतं.”

“होईल, ताई.”

“पहिल्या नोकरीच्या वेळी मला याच कारणानं परत पाठवलं होतं. लोक बातमी ऐकायच्या आधी खांदा बघतात. तुम्ही कुणाला बोलू नका.”

“माप घेणाऱ्यानं बोलायचं नसतं,” मास्तर म्हणाले. “शब्द दिला.”

त्या दिवशी पेनातली शाई संपली होती. मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मला चाळत जिथे पहिली मोकळी जागा दिसली तिथे, म्हणजे एकेचाळिसाव्या पानाच्या तळाशी, तिचं नाव लिहिलं. मग मापं. मग ‘डावा खांदा दीड इंच खाली, आतून गादी.’ आणि सवयीनं त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली: ‘कोणास सांगू नये.’

मित्रांनो, सांगू नये हेसुद्धा लिहून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कोट असा उतरला की काय सांगू. आतली गादी आक्कानं स्वतः भरली होती. संध्याकाळी टीव्हीवर ती दिसली की दोघं भावंडं बातमी सोडून तिच्या खांद्यांकडे बघत बसायची. दोन्ही खांदे एका रेषेत. आक्का हळूच म्हणायची, “बघ.” मास्तर म्हणायचे, “बघतोय.” 

मग एके दिवशी तिप्पटवाल्याचं बिंग फुटलं. कित्येकांच्या आयुष्यभराच्या कमाईवर पाणी पडलं. चौकशी समिती बसली. ज्या दिवशी खोट्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी आपण परदेशात होतो, असं तो छातीठोकपणे सांगत होता. पण त्याच्या कपाटातल्या निळ्या कोटाच्या आत आमच्या दुकानाची पट्टी शिवलेली होती. दोन अधिकारी आले, मास्तरांना नमस्कार करून मला मागितलं, पोच दिली आणि घेऊन गेले. एका लोखंडी कपाटात, पारदर्शक पिशवीत, मी अकरा महिने काढले. माझ्या प्रत्येक पानावर तांबडा शिक्का बसला.

सुनावणीच्या दिवशी मला मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी एकेचाळिसावं पान उघडलं आणि तारीख वाचली. त्या दिवशी तिप्पटवाले आमच्या आरशासमोर हात पसरून उभे होते, परदेशात नव्हते. तिप्पटवाल्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं मी पाहिलं. संध्याकाळी तिनंच ती बातमी सांगितली: “एका शिंप्याच्या वहीमुळे सत्य उजेडात आलं.” आक्का पदराआड रडली. पुढे मी परत आले तेव्हा मास्तरांनी मला काचेआड, पुतळ्याशेजारी ठेवलं. येणारे जाणारे मला वाकून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला थोडं शेफारल्यासारखं झालं होतं.

चौकशी संपून वर्ष दीड वर्ष झालं असेल. समितीनं जमवलेले सगळे कागद लोकांसाठी खुले करायचं ठरलं. ते ठरवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्यांचे पैसे बुडाले त्यांना ते कसे बुडाले हे कळायलाच हवं होतं. हजारो पानं संगणकावर आली. त्यांत माझीही पानं होती.

पण आधी त्यांच्यावर काळ्या पट्ट्या फिरल्या. ज्यांचा प्रकरणाशी संबंध नाही अशा साध्या माणसांची नावं झाकायची, असा नियम होता. बसचालकाचं नाव झाकलं गेलं. प्रसिद्ध माणसांची नावं मात्र झाकायची नाहीत, कारण मग काही लपवलं असं लोक म्हणतील. म्हणून तिचं नाव राहिलं. शरीराची मापं खासगी असतात, म्हणून कुणा सभ्य माणसानं ती झाकली आणि खांद्याची ओळही झाकली. ‘कोणास सांगू नये’ यात शरीराचं काही नव्हतं. ती ओळ राहिली.

आता डोळ्यांसमोर आणा. वर तारीख आणि तिप्पटवाल्याचं नाव. मधे काळंच काळं. खाली तिचं नाव, आणि त्याच्याखाली ‘कोणास सांगू नये’. शाई निळी होती आणि पेन्सिल करडी, पण छायाप्रतीत दोन्ही सारखीच काळी दिसत होती. ज्या पानानं चोर पकडला, त्याच पानावर आता ती उभी होती, त्याच तारखेखाली.

दोन दिवसांत तो फोटो घराघरांतल्या फोनवर फिरला. ती त्याच्याबरोबर दुकानात आली होती म्हणे. तिचेही पैसे तिप्पट झाले म्हणे. काय सांगायचं नव्हतं, ते आता तिनं सांगावं म्हणे. आपण त्या माणसाला कधी भेटलोही नाही, असं ती म्हणाली, तर लोक हसले. आठवड्यानं सात वाजता तिच्या जागी एक तरुण बसला होता. ती विश्रांती घेत आहे, असं त्यानं सांगितलं. आक्कानं उठून टीव्ही बंद केला.

मास्तरांनी मला काचेआडून काढलं, स्वच्छ कापडात गुंडाळलं आणि समितीच्या कार्यालयात गेले. तिथे एक चष्मेवाला कारकून होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं मला उजेडाकडे धरून नीट पाहिलं.

“पेन्सिल वेगळी आहे हे दिसतंय, मास्तर. पण त्यावरून दिवस वेगळा होता असं म्हणता येत नाही.”

“मी सांगतो ना. सोळा महिन्यांनी आल्या त्या.”

“मग अर्ज करा. दुरुस्तीची नोंद घालू. पण ही ओळ कशाबद्दल आहे ते त्यात लिहावं लागेल. काय सांगू नये?”

मास्तरांनी मला परत घेऊन मिटलं. मग म्हणाले, “ते सांगता येणार नाही.”

कारकुनानं पेन खाली ठेवलं. “मग मी तरी काय लिहू?”

मास्तर मला काखेत धरून घरी आले. रस्ताभर त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आक्कानं सगळं ऐकलं आणि हातातलं काज अर्धवट टाकलं.

“तिची जागा चालली आणि तू खांदा झाकत बसलायस?”

“शब्द दिलाय, आक्का.”

“शब्द दिला होतास तर लिहिलास कशाला?”

  त्या दिवसापासून मास्तरांचा हात बिघडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. आक्कानं ते पाहिलं, आणि जिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं ती एक अक्षर बोलली नाही. मला तेव्हा फार भीती वाटली.

मास्तरांनी निरोप पाठवला होता की काय ते मला ठाऊक नाही, पण एका सकाळी दुकान उघडताच ती दारात उभी होती. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. आक्कानं दार लावून घेतलं आणि तिला स्वतःची खुर्ची दिली. मास्तर उभेच राहिले. कोपऱ्यात उभं केलेल्या शाळकरी मुलाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला होता.

“ताई, चूक माझी. जागा दिसली म्हणून लिहिलं.”

“मला एवढंच सांगा मास्तर, ती ओळ का लिहिलीत?”

“आपल्या हातून विसरायला नको म्हणून.”

ती हसली की काय कोण जाणे. चष्म्यामुळे कळलं नाही. मास्तरांनी अर्जाचं सगळं सांगितलं. खांद्याचं लिहिलं तर नाव धुऊन निघेल, पण खांदा चार लोकांत जाईल. तो कागदसुद्धा त्याच ढिगात सगळ्यांसाठी खुला होणार.  बारा वर्षांची असल्यापासून जे तिनं झाकलं, आरशापासूनही झाकलं, ते आता शिक्का मारून लोकांसमोर मांडायचं होतं. आक्कानं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तिनं तो हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

“लिहा,” ती म्हणाली. “सगळं लिहा. किती इंच तेसुद्धा.”

मास्तरांनी तीन दिवस लावून अर्ज लिहिला. कोऱ्या कागदावर, एका बाजूला, भरपूर जागा सोडून. माझं पान मूळ पुरावा म्हणून दाखवलं. बसचालकानं आपण होऊन येऊन सही केली. आपला कोट शिवला तेव्हा खालची जागा कोरी होती, असं त्यानं लिहून दिलं. तिच्या घरी आमच्या दुकानाची जुनी पावती सापडली, तिच्यावर खरी तारीख होती. आता कुणालाही शंका राहायला नको होती.

उत्तर यायला आठ महिने लागले. तोवर सात वाजताच्या बातम्यांमधला तो तरुण लोकांच्या अंगवळणी पडला होता. ती विश्रांती घेत आहे, असं म्हणणंही त्यानं कधीच सोडलं होतं. तिला कुणी जा म्हणालं नाही. फक्त परत ये असंही कुणी म्हणालं नाही.

पत्र आलं ते चांगलं होतं. दुरुस्ती मान्य झाली होती आणि त्या खुल्या कागदांच्या ढिगात चार हजार दोनशे बाराव्या पानावर घातली होती. त्याच्यामागे मास्तरांचा अर्ज होता, खांद्यासकट. आक्कानं एका गिऱ्हाइकाला त्याच्या फोनवर ते पान उघडायला लावलं. माझं एकेचाळिसावं पान किती लाख लोकांनी उघडलं होतं ते तिथे दिसत होतं. चार हजार दोनशे बारावं पान तीन जणांनी उघडलं होतं.

“त्यातले एक आपण,” आक्का म्हणाली.

तिचा खांदा जगजाहीर झाला, आणि जगानं तो पाहिलासुद्धा नाही. मित्रांनो, मला याचं इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आयुष्यभर जपलेली गोष्ट तिनं मोजून दिली होती, आणि तिच्या बदल्यात तिला काही मिळालं नाही.

मास्तर तरीही इस्त्रीचा कोट घालून, मला आणि पत्राला घेऊन तिच्या घरी गेले. तिसरा मजला, लहान खोली, खिडकीत दोन कुंड्या. टीव्ही होता, पण त्यावर कापड टाकलेलं. ती साध्या स्वेटरमध्ये होती. गादी नव्हती, आणि खांदा होता तसा खाली होता. तिनं तो झाकायचा प्रयत्न केला नाही. मास्तरांनी पत्र पुढे केलं. तिनं मनातल्या मनात वाचलं. मग ती टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसली, पाठ जमेल तेवढी ताठ केली, कागद समोर धरला आणि वाचू लागली. तो बातम्यांचा आवाज मी वर्षभरानं ऐकत होते.

“पृष्ठ एकेचाळीसवरील शेवटच्या नोंदीचा त्याच पृष्ठावरील पहिल्या नोंदीशी कोणताही संबंध नाही. सदर नोंद सोळा महिन्यांनंतरची असून ती शिवणकामापुरती आहे.” नेहमीसारखी ती क्षणभर थांबली. “बातम्या संपल्या.”

ऐकणारे दोघंच होतो, मास्तर आणि मी. मास्तरांना रडू आवरेना. ती उठली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर मास्तर फार दिवस दुकानात बसले नाहीत. मी आता आक्काच्या ट्रंकेत आहे. सुयांचा डबा माझ्यावर असतो.

बाळांनो, तुम्हीही पुढे पुष्कळ पानं वाचाल. मोठमोठ्या चौकशांची पानं सगळ्यांसाठी खुली होतील, आणि ती तुम्ही जरूर वाचा. पण एखाद्या पानावर ओळखीचं नाव दिसलं, तर त्यावर बोट ठेवण्याआधी एवढं विचारा की हे इथे कसं आलं, कुणी लिहिलं आणि कधी. पुढचं एखादं पान उघडायचा कंटाळा करू नका. माझं एकेचाळिसावं पान आजही तसंच आहे. तिप्पटवाल्याच्या नावापासून तिच्या नावापर्यंत सोळा महिने आहेत, आणि कागदावर ते जेमतेम चार बोटं भरतात.